इंग्रजीतील समान आद्याक्षरांचे शब्द

इंग्रजीतले कितीतरी छोटे शब्द एकाच अक्षरजोडीने सुरू होतात आणि त्यांचे अर्थही जवळचे निघतात. कधी त्यामागे एकच मूळ शब्द असतो, तर कधी नुसती ध्वनीची ओढ.

मराठवाड्यातल्या मराठी शाळांत यांची ओळख ‘डब्ल्यूएच’ प्रश्नांतून होते: हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, व्हिच. घोकायला जड वाटणारी ही यादी मुलांच्या तोंडी घरूनच आलेली असते: कोण, काय, कव्हा, कुठं, कामून, कोणता. मराठीचा ‘क’ आणि इंग्रजीचा ‘व्ह’ हे इंडो-युरोपीय मूळ भाषेतल्या, म्हणजे युरोपातल्या आणि उत्तर भारतातल्या बहुतेक भाषा जिच्यातून निघाल्या त्या भाषेतल्या, ‘क्व’ या एकाच ध्वनीचे वंशज आहेत. संस्कृत आणि प्राकृतातून येताना आपल्याकडे ‘क’ टिकला. इंग्रजी ज्या शाखेतली, त्या जर्मनिक शाखेत त्याचा ‘ह्व’ झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये अशा बदलांचा नियम सविस्तर मांडला. जुन्या इंग्रजीत एच आधी आणि डब्ल्यूचा ध्वनी नंतर लिहीत. फ्रान्समधल्या नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले, त्यानंतरच्या काळात लेखनिकांनी हा क्रम उलटा केला. ‘हाऊ’ हा शब्दही याच कुळातला आहे, स्पेलिंग वेगळे असले तरी.

याच्या जोडीला टी-एचचे शब्द येतात. दॅट, देन, देअर यांच्यासमोर ते, तव्हा, तिथं ठेवून पाहावे. हे सर्वनामांपुरते नाही: थ्री म्हणजे तीन, थर्स्ट म्हणजे तहान. मराठीत मात्र ‘ज’ची तिसरी ओळ आहे, ती इंग्रजीत नाही. ‘पाऊस कव्हा पडला?’ आणि ‘जव्हा पाऊस पडला, तव्हा पेरलं’ या दोन्ही ठिकाणी इंग्रजी एकटे ‘व्हेन’ वापरते. विद्यार्थी अडखळतो तो इथे, आणि ही गोष्ट शिकवताना आवर्जून सांगायला हवी.

देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते. तिथले प्रश्नशब्द एवरु, एमि, एप्पुडु, एक्कड असे ‘ए’ने सुरू होतात, कारण तेलुगू द्राविड या वेगळ्या कुळातली आहे. औरंगाबादी दखनी उर्दूतले कौन, कब, कहाँ पुन्हा ‘क’चेच.

अक्षरे सारखी म्हणून अर्थ सारखाच, असे मात्र नाही. ‘व्हील’ प्रश्नशब्द नव्हे. त्याचा भाऊबंद आपला ‘चाक’. ‘व्हाइट’चे नाते ‘श्वेत’शी आहे आणि ‘व्हीट’, म्हणजे गहू, हा शब्द त्या पांढरेपणावरूनच आला.

ध्वनीच्या ओढीची उदाहरणे निराळी. जी-एलने सुरू होणारे ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट हे सगळे उजेडाचे. एस-एनचे स्नीझ, स्नोअर, स्निफ, स्नाउट नाकाचे. इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी १६५३ च्या इंग्रजी व्याकरणात असे गट नोंदवले आणि भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये या घटकाला पारिभाषिक नाव दिले. ग्लव्ह म्हणजे हातमोजा आणि ग्लू म्हणजे डिंक, यांत उजेड नाही, म्हणून ही ओढ आहे, नियम नव्हे. मराठीतले चमक, चकाकी, चकचकीत किंवा झगमग, झळाळी याच जातीचे.

के-एनच्या शब्दांत आता ‘के’ मुका असतो. सतराव्या-अठराव्या शतकांत तो उच्चारातून गळाला, लिहिण्यात राहिला. त्यांतल्या ‘नी’चे नाते संस्कृत ‘जानु’शी आहे, म्हणजे गुडघा, आणि ‘नो’चे ‘ज्ञा’शी, ज्यातून आपले ‘जाणणे’ आले.