गार्डवर हुकूम कोणाचा : अमेरिकी राज्यांच्या मिलिशिया कायद्यांची पार्श्वभूमी

मिलिशिया म्हणजे नागरिकांतून उभारलेले राज्याचे सशस्त्र दल; नॅशनल गार्ड, थोडक्यात गार्ड, हे त्याचेच आजचे संघटित रूप. त्याच्या तुकड्या कशा उभाराव्यात, त्यांचे अधिकारी कोणी नेमावेत आणि गव्हर्नरने त्यांना केव्हा पाचारण करावे, याची कलमे अमेरिकेतील राज्याराज्यांच्या कायद्यांत असतात. मात्र देशाच्या राज्यघटनेनेच या विषयाची वाटणी करून ठेवली आहे. संघटना, शस्त्रे आणि शिस्त यांचे नियम काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) करायचे, तर अधिकाऱ्यांची नेमणूक आणि प्रशिक्षण राज्यांकडे. १७९२च्या संघीय कायद्याने १८ ते ४५ वयोगटातील गोऱ्या, धडधाकट पुरुष नागरिकांची नोंदणी सक्तीची केली, पण बंदूक ज्याने त्याने पदरमोड करून आणायची होती. साहजिकच तो कायदा शतकभर बहुतांशी कागदावरच राहिला.

ही पोकळी राज्यांनी भरली, आणि तीही परकीय शत्रूच्या धास्तीने नव्हे. १८७७च्या रेल्वे संपानंतर दोन वर्षांनी इलिनॉयने केलेल्या लष्करी संहितेत स्वयंसेवकांच्या सक्रिय दलाला नॅशनल गार्ड हे नाव देण्यात आले, त्याची कमाल मर्यादा ८,००० ठरली आणि अन्य कोणत्याही गटाने गव्हर्नरच्या परवान्याविना सशस्त्र कवायत किंवा संचलन करण्यास बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन कामगारांच्या एका संघटनेने शिकागोच्या रस्त्यांवरून रायफलधारी संचलन काढले. सुमारे ४०० जणांच्या पुढे तलवार घेऊन, घोड्यावर बसून चाललेल्या म्होरक्याला १० डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १८८६ साली ही बंदी वैध ठरवली. कायद्याचा रोख कामगारांवर होता हे उघड होते; तरीही खासगी सशस्त्र जथ्यांना मनाई करणाऱ्या इतर राज्यांच्या कलमांना आजही याच निकालाचा आधार दिला जातो.

पुढे पैसा संघ सरकारचा आला आणि त्यामागोमाग नियमही. १९०३ आणि १९१६च्या कायद्यांनी गार्डला संघीय निधी, साहित्य आणि लष्करी मापदंड लागू केले. १९३३पासून गार्डमध्ये भरती होणारा प्रत्येक जण एकाच वेळी राज्याच्या गार्डमध्ये आणि संघीय लष्कराच्या राखीव दलात दाखल होऊ लागला. या दुहेरी भरतीचे गांभीर्य गव्हर्नरांच्या ध्यानात यायला पन्नास वर्षे लागली.

१९५२च्या कायद्यानुसार गार्डला प्रशिक्षणासाठी संघीय सेवेत, म्हणजे संघ सरकारच्या हुकमाखाली, नेताना गव्हर्नरची संमती आवश्यक होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास मध्य अमेरिकेतील देशांबाबतच्या संघ सरकारच्या धोरणावर वाद पेटलेला असताना काही गव्हर्नरांनी त्यांपैकी होंडुरास या देशातील सरावासाठी तुकड्या पाठवण्यास नकार दिला. त्यावर १९८६ साली काँग्रेसने दुरुस्ती करून देशाबाहेरील प्रशिक्षणाचे ठिकाण, हेतू, प्रकार किंवा वेळापत्रक पसंत नाही म्हणून संमती नाकारण्याची मुभा काढून घेतली. म्हणजे संमतीचे कलम पुस्तकात राहिले, त्यातील जीव गेला. मिनेसोटाच्या गव्हर्नरने याविरुद्ध दाद मागितली. प्रशिक्षणाचा अधिकार राज्यघटनेने नाव घेऊन राज्यांना दिलेला आहे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो सहजासहजी झटकण्यासारखा नव्हता. अपील न्यायालयाच्या एका पीठाला तो पटलाही होता, पण पूर्णपीठाने तो निर्णय फिरवला. जून १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघ सरकारच्या बाजूने कौल दिला. गार्डच्या सैनिकाकडे नागरिकाची, राज्य मिलिशियाची आणि लष्कराची अशा तीन टोप्या असतात, पण एका वेळी डोक्यावर एकच असते. लष्कराची टोपी चढली की मिलिशियाविषयीचे घटनेतील संरक्षण त्याला लागू राहत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

त्याच निकालात न्यायालयाने राज्यांना एका मोकळ्या वाटेची आठवण करून दिली. १९५०च्या दशकातील संघीय कायद्यानुसार राज्याला स्वतःच्या खर्चाने वेगळे संरक्षण दल ठेवता येते आणि ते दल म्हणून त्याला संघीय सेवेत ओढता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात गार्ड आघाडीवर गेल्यावर राज्यांनी उभारलेल्या तात्पुरत्या दलांतून ही सोय आली. टेक्सास, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया येथे अशी दले आहेत. फ्लोरिडाने १९४७ साली बरखास्त केलेले आपले दल २०२२मध्ये ४०० जणांच्या मर्यादेने पुन्हा उभारले आणि पुढच्याच वर्षी ती मर्यादा १,५००वर नेली. यांतील बहुतेक दले तुटपुंज्या निधीवर आणि स्वयंसेवकांवर चालतात, त्यामुळे गार्डला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहणे धाडसाचे ठरेल.

२०२५च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या गार्डचे सुमारे ४,००० जवान गव्हर्नरच्या विरोधाला न जुमानता संघीय सेवेत घेऊन लॉस एंजेलिसला पाठवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये टेक्सासचा गार्ड तेथील गव्हर्नरच्या संमतीने इलिनॉयमध्ये पोहोचला, इलिनॉयच्या गव्हर्नरचा मात्र त्याला विरोध होता. इलिनॉयमधील शिकागोच्या या प्रकरणात संघ सरकारने तैनातीसाठी मागितलेला तात्पुरता दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये नाकारला.

टेनेसी राज्यातील वाद याहून वेगळा आहे. तेथे गव्हर्नरनेच गार्ड राज्यातील मेम्फिस शहरात पाठवला आणि हुकूमही त्यांच्याच हाती राहिला, त्यामुळे खटला राज्याच्या स्वतःच्या तरतुदींवर लढवला गेला. बंड किंवा परचक्र असल्याखेरीज आणि विधिमंडळाने कायद्याने तशी गरज जाहीर केल्याखेरीज मिलिशियाला पाचारण करू नये, असे टेनेसीची राज्यघटना सांगते. याच आधारावर स्थानिक लोकप्रतिनिधींनी दाद मागितली; नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायालयाने तैनाती रोखण्याचा आदेश दिला, आणि अपिलामुळे त्याची अंमलबजावणी थांबली.