2011 आणि 6061: कापायला सोपं म्हणजे मऊ नव्हे

2011 आणि 6061 ही ॲल्युमिनियमच्या दोन मिश्रधातूंची नावं. बेळगावच्या उद्यमबागेत 2011 चा बार पुढे ठेवला की दोन उत्तरं ठरलेली. एक जण म्हणतो, "हे मऊ ॲल्युमिनियम बघा, ताकदीच्या कामाला 6061 घ्या." दुसरा म्हणतो, "सगळं सारखंच की, मिळेल ते लावा." दोन्ही चूक. मच्छे, होनग्यापर्यंत हाच घोळ वर्षानुवर्षं ऐकतो आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

6061 सगळ्यांच्या हाताखालचं आहे. मॅग्नेशियम-सिलिकॉनचं मिश्रण, टी6 अवस्थेत (टी3, टी6 म्हणजे काय ते पुढे सांगतो) तुटण्याची ताकद सुमारे 310 मेगापास्कल, वेल्ड होतं, ॲनोडायझिंग (विजेनं चढवलेला संरक्षक ऑक्साइडचा थर) छान बसतं, पावसात टिकतं. ज्याला आपण एचई-30 म्हणतो ते 6082 त्याच घराण्यातलं. पुढे जाऊ.

2011 मध्ये 5 ते 6 टक्के तांबं, शिवाय शिसं आणि बिस्मथ प्रत्येकी 0.2 ते 0.6 टक्के. टी3 अवस्थेत तुटण्याची ताकद सुमारे 380 मेगापास्कल, यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) सुमारे 295. 6061-टी6 चं यील्ड 275 च्या आसपास. म्हणजे ज्याला मऊ म्हणतात तेच जास्त ताकदीचं निघालं. ब्रिनेल कडकपणा (गोळी दाबून मोजलेला) म्हणाल तर दोन्हींचा साधारण 95. कडकपणा एकच, तरी लेथवर एक लोण्यासारखं चालतं आणि दुसरं ऑपरेटरला छळतं. असं का, हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

ताकद देतं तांबं. कापणं सोपं करतात शिसं आणि बिस्मथ. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचीच सरमिसळ होते. शिसं-बिस्मथ घट्ट ॲल्युमिनियममध्ये जवळपास विरघळतच नाहीत. बारीक कणांच्या रूपात धातूभर विखुरलेले राहतात. योग्य प्रमाणात एकत्र आले तर त्यांचं मिश्रण सुमारे 125 अंश सेल्सिअसलाच वितळतं. टूलच्या धारेपाशी, जिथे चिप (कापलेल्या धातूची कात्रण) सुटते, तिथे उष्णता याहून कितीतरी जास्त असते. तेवढ्या जागी हे कण ढिले पडतात, चिप तिथेच कमकुवत होते आणि तुटते. बाकीचा जॉब (कापला जाणारा तुकडा) थंड असतो, त्याच्या ताकदीला फारसा धक्का लागत नाही.

6061 लेथवर टर्न करताना चिप लांबच लांब तारेसारखी येते, चकला (जॉब पकडणाऱ्या जबड्याला) गुंडाळते, फिनिश झालेल्या अंगावर ओरखडे काढते. मशीन थांबवून हुकानं ओढावी लागते. 2011 ची चिप बारीक तुकड्यांत ट्रेमध्ये पडते. खोल ड्रिलिंगला तर हा फरक आणखी जाणवतो, भोकात चिप अडकत नाही. ट्रॉबवर (आपोआप चालणाऱ्या लेथवर) एकच माणूस दोन-तीन मशीन सांभाळत असेल तर 2011 ला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत.

अजूनही "मऊ म्हणून कापतं" असं वाटत असेल तर ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला) 1100 चा बार लावून बघा. जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम, खरोखर मऊ. धातू इन्सर्टच्या (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याच्या) धारेवर चिकटत जातो, पृष्ठभाग फाटल्यासारखा निघतो, मापही हलतं. मऊपणानं काम सोपं झालं असतं तर हाच सगळ्यांत चांगला ठरला असता.

आता याची किंमत. वेल्ड करायला गेलात तर लवकर वितळणारे तेच कण तडा पाडतात. 2011 ला वेल्डिंगचा नाद करूच नका. गंज आणि ॲनोडायझिंगच्या बाबतीत मुख्य दोष तांब्याचा. खानापूरच्या पावसात उघड्यावर राहणारा पार्ट 2011 चा केला तर तो काळवंडतो, खड्डे पडतात. ॲनोडायझिंगचा थर पातळ बसतो, रंग एकसारखा येत नाही, डाग दिसतात. मग ॲनोडायझिंगवाल्याशी भांडण. त्या बिचाऱ्याचा टँक ठीक असतो, माल चुकीचा असतो. हे भांडण पाहिलं की मला खरंच राग येतो.

टी3 आणि टी6 वरूनही लोक अडखळतात: आकडा मोठा म्हणून माल भारी, असं काही नाही. टी3 म्हणजे क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून), थंड ओढून, खोलीच्या तापमानाला मुरवलेला. टी6 म्हणजे क्वेंच करून भट्टीत मुरवलेला. बस्स.

वजनाचं मात्र लक्षात ठेवा. 2011 ची घनता 2.83, 6061 ची 2.70 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. 25 मिलिमीटर व्यासाचा एक मीटर बार पहिल्यात सुमारे 1.39 किलो, दुसऱ्यात 1.33. किलोच्या भावानं घेऊन नगाच्या भावानं विकणाऱ्यानं कोटेशनमध्ये हे धरलंच पाहिजे. युरोपला जाणारा जॉब असेल तर शिशाचं प्रमाण आधी विचारा: तिथल्या रोहस नियमात (विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या) ॲल्युमिनियमला दिलेली सवलतसुद्धा 0.4 टक्क्यापर्यंतच, आणि 2011 मध्ये शिसं 0.6 पर्यंत असू शकतं.

रॅकवरचे बार मिसळले तर टोक फाइलनं घासून त्यावर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा थेंब टाका. हातमोजे, चष्मा घालून आणि मोकळ्या हवेत. काही मिनिटांनी पुसा. 2011 वर तांब्यामुळे काळा डाग राहतो, 6061 वर फार तर फिकट राखाडी. काळा डाग आला तर त्या बाराच्या दोन्ही टोकांना रंग मारून ठेवा आणि त्याच्या चिपचा ड्रम वेगळा करा. 6061 च्या भंगारात शिसं गेलं की तो माल वितळवणाऱ्याच्या कामाचा राहत नाही.