ब्रेक डिस्कला तडा जातो तो थंड होताना

टेस्ट बेंचवर फिरणारी रेल्वेची ब्रेक डिस्क (चाकांच्या दांड्यावर, म्हणजे ऍक्सलवर बसवलेली धातूची चकती, तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड घासले की गाडी थांबते) लालबुंद होतानाचे व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितले असतील. बघणारा हमखास म्हणतो, एवढी तापल्यावर फुटणारच, अजून मजबूत धातू का नाही वापरत? पण डिस्क फुटते ती नुसती तापल्यामुळे नाही, आणि मजबुती हा तर अर्धाच प्रश्न आहे.

आधी हिशोब करू. ५० टनांचा डबा ताशी १६० किमीने चाललाय, शाळेतलं गतिज ऊर्जेचं सूत्र लावलं की जवळपास ५० मेगाज्यूल येतात, म्हणजे साधारण दीडशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता, आणि ती मिनिटभरात जिरवायची. ४ ऍक्सल, प्रत्येकावर २ डिस्क धरल्या तर एका डिस्कच्या वाट्याला ६ मेगाज्यूल. डिस्कचं वजन शंभरेक किलो धरा, तर ती सरासरी जेमतेम सव्वाशे अंशांनी तापायला हवी. हे काहीच नाही! पण उष्णता आत शिरायला वेळ लागतो, त्यामुळे वरचा पातळ थर कित्येकशे अंशांवर जातो आणि आतला धातू अजून कोमटच असतो. सगळी भानगड या फरकाची आहे.

वरच्या थराला पसरायचंय पण आतला थंड धातू त्याला पसरू देत नाही. ३०० अंशांच्या फरकाला स्टील मीटरमागे साडेतीन मिलिमीटर वाढायला बघतं, ते पूर्ण अडवलं तर सातशे मेगापास्कलच्या वर दाब तयार होतो, आणि इथे दोन दिशांनी अडवलंय म्हणून हजाराच्या आसपास. तापून मऊ झालेल्या धातूला हे सोसत नाही, तो दबूनच बसतो, कायमचा आखूड होतो. गाडी थांबली, डिस्क थंड व्हायला लागली, की हा आखूड झालेला थर आणखी आकसतो आणि आता आतला धातू त्याला उलटा ओढून धरतो. दाबाची जागा ताणाने घेतली, आणि भेगा उघडतात त्या ताणानेच. असं प्रत्येक जोरदार ब्रेकला थोडं थोडं होत राहतं. जास्त ताण परिघाच्या दिशेने असतो म्हणून तडे त्रिज्येच्या दिशेने पडतात. बारीक भेगांचं जाळं दिसलं म्हणून लगेच डिस्क बाद होत नाही, पण तडा कडेपर्यंत पोचला की ती काढावीच लागते.

आता मजबूत धातूचं. स्टीलमध्ये मिश्रधातू वाढवत गेलात की मजबुती वाढते पण उष्णता वाहून न्यायची क्षमता बहुधा घटते, मग तोच तापमानाचा फरक अजून वाढतो. साधं करडं ओतीव लोखंड ताणाला कच्चं, पण त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन आत जाते, म्हणून ते अजून टिकून आहे.

आणखी एक दुष्टचक्र असतं. डिस्कचा एखादा भाग जरासा उंच असला की तिथे पॅड जास्त दाबतो, तो भाग जास्त तापतो, फुगतो, अजून उंच होतो, अजून तापतो! असे गरम डाग सातशे-आठशे अंशांच्या वर गेले तर स्टीलची रचनाच बदलते आणि झटकन थंड झाल्यावर तिथे कडक, ठिसूळ मार्टेन्साइट उरतं. यावर उपाय म्हणून पॅड अखंड न ठेवता छोट्या छोट्या तुकड्यांचा करतात, प्रत्येक तुकडा थोडा हलू शकतो, त्यामुळे दाब वाटला जातो. मला हे डिझाइन फार आवडतं.

"आता रिजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरच जनरेटर बनून वेग कमी करते आणि वीज परत पाठवते) आलंय, घासणारे ब्रेक इतिहासजमा" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ते ब्रेकिंग फक्त मोटर असलेल्या ऍक्सलवर होतं आणि परत पाठवलेली वीज त्याच वेळी वापरणारं कोणीतरी लागतं. इमर्जन्सीत ते मिळेलच असं धरून चालत नाही, डिस्क आणि पॅडनेच गाडी थांबायला हवी.

डिस्क हबवर (ऍक्सलवरच्या ज्या मधल्या भागावर ती बसते त्यावर) घट्ट आवळूनही चालत नाही. ६४० मिमी व्यासाची डिस्क सरासरी ३०० अंश तापली तर व्यास दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो, म्हणून बोल्टच्या जागी तिला त्रिज्येच्या दिशेने सरकायला वाव ठेवतात, पण केंद्र मात्र हलू द्यायचं नाही. थंड करायला आत हवेच्या वाटा ठेवल्या तर डिस्क पंखा बनते आणि ब्रेक लावलेला नसतानाही गाडीची शक्ती खात राहते. म्हणून खूप वेगवान गाड्यांसाठी भरीव स्टीलच्या डिस्कही बनवतात, आणि उष्णता जास्त डिस्कमध्ये वाटून टाकतात.