मॅक फिल्टर लावला म्हणजे ऑफिसचं वायफाय सुरक्षित?

पुण्यात भोसरीच्या वर्कशॉपपासून बाणेरच्या ऑफिसांपर्यंत एक समज पक्का आहे: राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे परवानगी असलेल्या उपकरणांच्या मॅक पत्त्यांची यादी, लावला की परका लॅपटॉप आत शिरत नाही. चूक. मॅक पत्ता म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाची १२ आकडे-अक्षरांची ओळख, आणि वायफायच्या फ्रेमवर (हवेतून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटावर) ती उघडीच असते. डब्ल्यूपीए२ (वायफायचं एन्क्रिप्शन) मजकूर झाकतं, हा पत्ता नाही. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवरूनही तो टिपता येतो, आणि स्वतःच्या लॅपटॉपला तोच पत्ता द्यायला एक-दोन कमांड पुरतात. (पासवर्ड लागतोच, पण तो नोकरी सोडून गेलेल्यांनाही पाठ असतो.) उलट अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन मूळ पत्त्याऐवजी प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता देतात, त्यामुळे यादीतला आपलाच माणूस अडतो.

खरा उपाय ८०२.१एक्स, म्हणजे ओळख पटल्याशिवाय नेटवर्कमध्ये न घेण्याची पद्धत: ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर आणि प्रत्येकाला स्वतंत्र खातं, त्याहून बरं म्हणजे लॅपटॉपवर सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र). माणूस गेला की फक्त त्याचं खातं बंद. स्विचच्या (तारेचं नेटवर्क जोडणाऱ्या डब्याच्या) पोर्टांवरही हेच लावा, नाहीतर मीटिंग रूममधल्या भिंतीतल्या नेटवर्क सॉकेटमधून कुणीही आत. जुन्या प्रिंटरला हे जमत नाही. त्याला मॅकवरच घ्या, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात), प्रिंट सर्व्हरशिवाय कुठेही वाट न ठेवता. आणि रेडियस सर्व्हरच्या स्वतःच्या सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरवर टाका. ती संपली की सोमवारी सकाळी अख्खं ऑफिस नेटवर्कबाहेर.