राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा अंदाज (भारत)

भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक कोण जिंकेल, किती फरकाने जिंकेल आणि कोणाची मते फुटतील, हे मतदानाआधी आमदार-खासदारांच्या संख्याबळावरून मांडण्याची रीत. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत अंदाज म्हणजे लोकांचा कल चाचपणे. इथे मतदारच मोजके, नावानिशी माहीत असलेले आणि बहुतेक एखाद्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले. २०२२ मध्ये सगळे मिळून ४,८०९ मतदार होते. त्यामुळे सर्वेक्षण करणाऱ्यापेक्षा हिशेब ठेवणाऱ्यालाच हे काम जास्त जमते. तरीही अंदाज चुकतो. तो बेरजेत क्वचितच चुकतो. कोणता आकडा कोणाच्या रकान्यात लिहायचा, इथे चुकतो.

हिशेबाचा पाया राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ आणि ५५ मध्ये आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून निर्वाचक मंडळ होते. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभा त्यात सत्तराव्या घटनादुरुस्तीने आल्या. राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांना मत नाही आणि विधान परिषदेच्या सदस्यांनाही नाही. महाराष्ट्रातले संख्याबळ मोजताना ही गल्लत पुष्कळदा होते: पक्षाचे ‘एकूण आमदार’ म्हणून परिषदेचेही धरले जातात आणि बेरीज उगीच फुगते.

प्रत्येक आमदाराच्या मताला मूल्य असते आणि ते राज्यागणिक वेगळे असते. राज्याच्या लोकसंख्येला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचे, आलेल्या आकड्याला पुन्हा एक हजाराने भागायचे. उरलेला अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर एक वाढवायचा. लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ ने भागले की १,७५,०४२ येतात, म्हणजे एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि साऱ्या विधानसभेचे ५०,४००. गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२० आणि आमदार ४०, हजाराने भागल्यावर भागाकार १९.८७८ येतो, तो २० धरतात. गोव्याची सारी विधानसभा म्हणून ८०० मते. उत्तर प्रदेशात एका आमदाराचे मूल्य २०८, तर सिक्कीममध्ये ७. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७१ चे आकडे गोठवले गेले. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते तसेच राहणार आहेत. २०११ चे आकडे धरले असते तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य ३९० झाले असते आणि केरळच्या आमदाराचे १५२ वरून २३९. म्हणजे आपले वजन दुपटीच्या वर गेले असते आणि केरळचे दीडपटीच्या आसपास थांबले असते. गोठवण्यामागची काळजी खोटी नव्हती.

खासदाराच्या मताचे मूल्य सर्व राज्यांच्या मतमूल्याच्या बेरजेवर ठरते. २०२२ मध्ये ती बेरीज ५,४३,२३१ होती. ७७६ खासदारांत ती वाटली की प्रत्येकी ७०० येतात. त्याआधी हा आकडा ७०८ होता. जम्मू-काश्मीरला त्या वेळी विधानसभा नसल्याने तो घसरला. अशा रीतीने संसद आणि विधानसभा यांचे पारडे जवळजवळ सारखे राहते. महाराष्ट्राचे लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ खासदार धरले तर ४६,९०० मते होतात. आमदारांची मिळवून ९७,३००. देशाच्या एकूण १०,८६,४३१ पैकी हा सुमारे नऊ टक्के हिस्सा आहे.

जिंकण्यासाठी वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ‘कोटा’ गाठावा लागतो. मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीत कोटा कोणीच गाठला नाही, तर तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती उरलेल्यांना मिळते. दुसऱ्या पसंतीची वेळ आजवर एकदाच आली, ती १९६९ मध्ये, आणि अंदाज बांधणाऱ्याने सर्वांत आधी अभ्यासावी अशी निवडणूक तीच आहे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूरच्या बैठकीत नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. इंदिरा गांधींच्या मनात जगजीवन राम होते. त्या बैठकीत यशवंतराव चव्हाणांचे मत रेड्डींच्या बाजूने पडले. कागदावर काँग्रेसचा अधिकृत उमेदवार पडण्याचे कारण नव्हते. पण उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी रेड्डींसाठी पक्षादेश (व्हिप) काढण्याची विनंती केली तेव्हा इंदिरा गांधींनी ती मानली नाही. सदस्यांनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन झाले. तिसरे उमेदवार होते रायगड जिल्ह्यातले चिंतामण द्वारकानाथ देशमुख, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलेले. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. कोटा ४,१८,१६९ होता. देशमुख बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची बहुतेक दुसरी पसंती रेड्डींकडे गेली आणि दरी झपाट्याने बुजली. पण पुरती नाही. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. अंतर १४,६५० मतांचे. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. गिरींचे १३ खासदार रेड्डींकडे सरकले असते तर निकाल फिरला असता. ज्याने नुसती पक्षांची बेरीज केली त्याचा अंदाज त्या दिवशी साफ कोसळला. ज्याने काँग्रेस हा एकच रकाना न धरता त्याचे दोन केले, त्याच्या हिशेबात गिरी बसले असते. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. ती फूट ऑगस्टच्या मतमोजणीत आधीच दिसली होती.

बाकीच्या बऱ्याच निवडणुकांत अंदाजाला फारसे काम नव्हते. १९७७ मध्ये ३७ अर्जांपैकी ३६ फेटाळले गेले आणि तेच रेड्डी बिनविरोध निवडून आले. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांना ९,५६,२९० मते मिळाली, तर टी. एन. शेषन यांना ५०,६३१. शेषन यांच्या मागे उभा राहिलेला ठळक पक्ष म्हणजे शिवसेना. २००२ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ९,२२,८८४ मते घेऊन कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचा पराभव केला.

खरी परीक्षा उमेदवाराचे नाव जाहीर होते त्या दिवशी असते. तोवर केलेली बेरीज आघाडी आणि युतीच्या रेषांवर चालते. नाव आले की त्या रेषा हलतात. २००७ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीने प्रतिभा पाटील यांचे नाव पुढे केले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या, तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल असलेल्या. विरोधात उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत होते, ज्यांची मैत्री सर्व पक्षांत होती. मते फुटतील ती त्यांच्याकडे, असा कयास होता. झाले उलटे. राष्ट्रीय लोकशाही आघाडीतली शिवसेना मराठी उमेदवाराच्या मागे गेली आणि पाटील ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा जिंकल्या. २०१२ मध्ये शिवसेनेने प्रणव मुखर्जी यांना मते दिली, संयुक्त जनता दलानेही. २०१७ मध्ये बिहारच्या राज्यपालपदावरून आलेल्या रामनाथ कोविंद यांना नितीशकुमारांनी पाठिंबा दिला, तोही स्वतः विरोधी महाआघाडीत असताना. सलग इतक्या वेळा घडलेल्या गोष्टीला अपवाद म्हणता येत नाही. उमेदवार कोणत्या राज्यातला, कोणत्या समाजातला, आणि त्याला नाही म्हणणे कोणत्या प्रादेशिक पक्षाला जड जाईल, हे रकाने अंदाजाच्या तक्त्यात पहिल्यापासून असायला हवेत.

२०२२ ची निवडणूक या दृष्टीने फार बोलकी. विरोधकांची पहिली पसंती शरद पवार होते. त्यांनी नकार दिला. २१ जून रोजी दुपारी यशवंत सिन्हा यांचे आणि संध्याकाळी द्रौपदी मुर्मू यांचे नाव जाहीर झाले. राष्ट्रीय लोकशाही आघाडीची स्वतःची मते निम्म्याच्या किंचित खाली होती. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या, संथाळ समाजातल्या मुर्मूंना बिजू जनता दलाने लगेच पाठिंबा दिला. आंध्रात एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले वायएसआर काँग्रेस आणि तेलुगू देसम दोघेही त्यांच्या मागे गेले. झारखंडात काँग्रेसबरोबर सरकार चालवणारा झारखंड मुक्ती मोर्चाही गेला, कारण मुर्मू आदिवासी होत्या; त्या तिथल्या राज्यपालही राहिल्या होत्या. महाराष्ट्रात तर त्याच २१ जूनला एकनाथ शिंदे यांचे बंड उघड झाले. सेनेच्या आमदारांची साडेनऊ हजारांहून जास्त मते एका रात्रीत कोणत्या रकान्यात लिहावीत, हे कळेनासे झाले. शेवटी १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनीही मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला आणि तो प्रश्नच उरला नाही. निकाल ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७.

त्या निकालाचा तपशील केरळात पाहावा. १४० आमदारांच्या त्या विधानसभेत भाजप किंवा त्याच्या मित्रपक्षांचा एकही आमदार नव्हता. तरी मतपेटीतून मुर्मूंच्या नावावर एक मत निघाले. ते कोणाचे, हे कळण्याचा मार्ग नाही. मतदान गुप्त असते. या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही आणि वेगळे मत दिले म्हणून पक्षांतरबंदीखाली अपात्रही ठरवता येत नाही. मतपत्रिका कोणाला दाखवली तर ती बाद होते. आमदाराच्या हातात गुलाबी कागद, खासदाराच्या हातात हिरवा, आणि खूण करायला निवडणूक आयोगानेच दिलेले जांभळ्या शाईचे पेन. पसंती आकड्यातच लिहायची. देवनागरी ‘१’ चालतो. ‘एक’ असे अक्षरांत लिहिले तर मत बाद. २०२२ मध्ये ५३ मते बाद झाली, त्यांतली १५ खासदारांची, म्हणजे १०,५०० मूल्याची. अंदाजात बाद मतांसाठी थोडी जागा ठेवावीच लागते.

काळाचेही एक गणित आहे. उत्तर प्रदेशाची विधानसभा निवडणूक २००२ पासून दर वेळी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या काही महिने आधी झाली आहे. ८३,८२४ मतांचे ते राज्य मार्चमध्ये किंवा मेमध्ये कोणाकडे जाते, यावर जुलैचा तक्ता बराचसा उभा राहतो. मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली, म्हणून पुढची निवडणूक २०२७ च्या मध्यावर येते. तिच्या तक्त्यात महाराष्ट्राचा रकाना नोव्हेंबर २०२४ च्या निकालावरून भरायचा. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ अशा २३० जागांचे ४०,२५० मूल्य महायुतीकडे, आणि महाविकास आघाडीच्या ४६ जागांचे ८,०५०. पश्चिम बंगालचे ४४,३९४ आणि तामिळनाडूचे ४१,१८४ यांची वाटणी २०२६ च्या निकालावर, उत्तर प्रदेशाची त्यानंतरच्या. उमेदवारांच्या नावांचा रकाना मात्र अर्ज भरण्याच्या आठवड्यापर्यंत कोराच ठेवावा लागतो.