कुश आणि अक्सुम: एक नदीचं राज्य, एक समुद्राचं

बायबलमध्ये इथिओपियाच्या कांदके राणीचा खजिनदार भेटतो. वाचणारा साहजिकच त्याला आजच्या इथिओपियाचा समजतो. तो होता कुशचा, म्हणजे आजच्या सुदानमधला. ग्रीक लेखक इजिप्तच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांना सरसकट इथिओपियन म्हणत, तिथून हा घोळ सुरू झाला. आजच्या इथिओपियाचा आणि एरिट्रियाचा पूर्वज शोधायचा तर तो अक्सुम. दोन्ही राज्यं सोनं नि हस्तिदंत विकून मोठी झाली आणि दोन्हीकडचे राजे देवाच्या नावाने राज्य करत, त्यामुळे गल्लत आणखी पक्की होते. (रामाच्या कुशाशी किंवा आपल्याकडच्या कुषाणांशी या कुशचा काही संबंध नाही, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.)

कुश जगलं नाईलवर. सोनं, हस्तिदंत, आबनूस, गुलाम, सगळं उत्तरेला जाई आणि मोठं गिऱ्हाईक एकच: इजिप्त. हा शेजारी कधी मालक असे, कधी शत्रू. इ.स.पू. आठव्या शतकात पिये राजाने डाव उलटवून इजिप्तच जिंकलं आणि कुशचे राजे तिथे पंचविसावं घराणं म्हणून गादीवर बसले. पुढच्या शतकात आजच्या इराककडच्या असिरियनांनी त्यांना हुसकावलं, पण इजिप्तचा अमुन देव कुशमध्ये होता तो राहिलाच. जेबेल बार्कल डोंगराच्या पायथ्याशी त्याचं देऊळ होतं आणि राजा कोण व्हायचा ते तिथे ठरे. अस्पेल्ता राजाच्या शिलालेखात हा प्रसंग चांगला तपशिलात आहे. राजा मेला, सैन्य जमलं, सगळे देवाकडे गेले. आधी राजाचे भाऊ पुढे उभे केले, देवाने एकालाही कौल दिला नाही. मग अस्पेल्ताला पुढे केलं आणि कौल मिळाला. आता कौल देवाचा असला तरी तो सांगणार पुजारी. म्हणजे खरी चावी कोणाच्या हातात होती?

डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार तर सांगतो की पुजाऱ्यांनी निरोप धाडला की राजाने मरायचं, अशी तिथे रीत होती. एर्गामेनेस राजाने ती मोडली: सैनिक घेऊन देवळात शिरला आणि पुजाऱ्यांनाच कापून काढलं. गोष्टीत मीठमसाला भरपूर असणार. पण साधारण त्याच काळात, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, राजांची दफनभूमी जेबेल बार्कलजवळच्या नापाताहून दक्षिणेला मेरोए शहराकडे गेली आणि सिंहमुखी आपेडेमाक हा स्थानिक देव वर आला. तेव्हा राजा आणि पुजारी यांच्यात काहीतरी बिनसलं होतं, असं मानायला जागा आहे.

कांदके हे एका राणीचं नाव नव्हे, पदवी आहे. अशाच एका राणीच्या काळात कुशच्या फौजेने रोमन इजिप्तच्या सरहद्दीवर धाड घातली. तिथून पळवलेलं ऑगस्टस सम्राटाचं काशाचं डोकं 1910 मध्ये मेरोएला सापडलं, एका देवळाच्या पायरीखाली पुरलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने रोमच्या बादशहाला तुडवूनच आत जावं, अशी सोय.

अक्सुमचं तोंड समुद्राकडे. राजधानी डोंगराळ पठारावर, पण पैसा यायचा तांबड्या समुद्रावरच्या अडुलिस बंदरातून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत इथल्या आयातीची यादी आहे, तीत भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडचं लोखंड, पोलाद आणि सुती कापड आहे. सोपारा-कल्याणचा उल्लेखही याच पुस्तिकेत येतो. अडुलिसकडच्या किनाऱ्याचा राजा झोस्कालेस कंजूष आहे, पण सरळ आहे आणि त्याला ग्रीक येतं, असा शेराही लेखकाने मारलाय. इथिओपियातल्या देब्रे दामो मठाजवळ शंभराहून अधिक कुषाण सुवर्णनाणी सापडली. गिऱ्हाइकं अनेक, त्यामुळे अक्सुमला कुशसारखं एकाच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं नाही.

कुशने स्वतःची नाणी पाडली नाहीत. अक्सुमने तिसऱ्या शतकात सोन्या-चांदीची नि तांब्याची पाडली. सोन्याच्या नाण्यावरचा मजकूर ग्रीकमध्ये, कारण ते परदेशी व्यापाऱ्याच्या हातात जाणार. धर्मबदलही या नाण्यांवर दिसतो. एझाना राजाच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि वर्तुळ आहे; चौथ्या शतकात तो ख्रिस्ती झाला आणि त्या जागी क्रूस आला. त्याला या धर्माकडे वळवणारा फ्रुमेंटियस मूळचा आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहराचा. तांबड्या समुद्रावर जहाज लुटलं गेलं, तो पोरगा वाचला आणि दरबारात वाढला. म्हणजे धर्मही व्यापाराच्याच वाटेने आला, पण देशाने स्वीकारला तो आधी राजाने स्वीकारला म्हणून. कुशमध्ये देव राजा निवडत होता. इथे राजाने देव निवडला.

एझानाने कुशवर स्वारीही केली. गावं जाळली, धान्य आणि कापसाची कोठारं उद्ध्वस्त केली, देवळातल्या मूर्ती फोडल्या, असं तो शिलालेखात सांगतो. त्याच्यामुळे कुश बुडालं असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. त्याच शिलालेखात नोबा या शेजारच्या लोकांनी ती गावं आधीच बळकावल्याचं दिसतं. राज्य आतून पोखरलेलं होतं.

पुढे अक्सुमचेही दिवस फिरले. सहाव्या शतकात समुद्रापलीकडचं येमेन इराणच्या ताब्यात गेलं, मग अरबांचा जोर वाढला, अडुलिसचा व्यापार आटला आणि सातव्या शतकात नाणीही थांबली. चर्च मात्र टिकलं. फ्रुमेंटियसला बिशपपद दिलं होतं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या चर्चने, आणि इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख पुढेही इजिप्तमधूनच पाठवला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत.