माउईला देवमासे बघायला निघण्यापूर्वी

आम्ही हवाईतल्या माउई बेटावर देवमासे बघायच्या सहली नेतो, आणि दर सप्टेंबरात आमच्याकडे साधारण एकसारखाच फोन येतो. "ख्रिसमसला माउई करायचं म्हणतोय. आई-बाबाही पुण्याहून आलेले असतील. देवमासे दिसतील ना?" दिसतील. पण फेब्रुवारीत याहून कितीतरी जास्त दिसतील, असं आम्ही सांगतो आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेनंतर जे बोलणं होतं, ते इथे एकदाच लिहून ठेवलं आहे.

तारीख आधी, हॉटेल नंतर

हंपबॅक जातीचे हे देवमासे उन्हाळाभर अलास्काच्या थंड पाण्यात पोटभर खातात आणि हिवाळ्यात सुमारे ४,८०० किलोमीटर पोहून हवाईला येतात. वाटेत महिना-दोन महिने जातात आणि सगळे एकदम येऊन पोचत नाहीत. नोव्हेंबरात तुरळक, डिसेंबरअखेर बऱ्यापैकी, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत अगदी जत्रा. एप्रिलमध्ये पांगापांग सुरू होते. सगळ्यात शेवटी निघतात त्या नुकत्याच व्यालेल्या माद्या, कारण पिल्लाच्या अंगात लांबच्या प्रवासाची ताकद यावी लागते.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या बऱ्याच शाळांना फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेला जोडून आठवडाभर सुट्टी असते. सगळे तेव्हा टाहोला बर्फात पळतात. तुम्ही उलट्या दिशेला या. थेट विमानाने काहुलुई, म्हणजे माउईचा विमानतळ, इथून साधारण साडेपाच तासांवर आहे. शाळेची अडचण नसेल तर मार्चचा पहिला पंधरवडा आमच्या मते सर्वांत चांगला. पिल्लं तोवर धीट झालेली असतात आणि आईला दमवतात.

आमच्या पहिल्या वर्षी आम्हीच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरा जणांना घेऊन गेलो होतो. दोन तासांत एक फवारा दिसला, तोही क्षितिजावर. परतताना एक काका म्हणाले, "यापेक्षा माथेरानला माकडं जवळून दिसतात." त्यानंतर आम्ही त्या आठवड्याचं बुकिंग देवमाशांच्या नावाखाली घेत नाही.

माउईच का

माउई, मोलोकाई आणि लानाई या तीन बेटांमधलं पाणी उथळ आहे, वाऱ्यापासून बरंचसं आडोशाला आहे आणि कोमट आहे. जन्मतः पिल्लाच्या अंगावर चरबी बेताची असते, त्याला हेच पाणी मानवतं. १९९२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हवाई बेटांभोवतीचं हे पाणी हंपबॅकसाठी सागरी अभयारण्य ठरवलं.

गंमत म्हणजे इथे त्यांना खायला जवळपास काहीच नाही. स्वच्छ निळं पाणी आपल्याला फोटोत छान दिसतं, पण ते निळं असतं तेच मुळी त्यात सूक्ष्म जीव कमी असतात म्हणून. पोटभर जेवण पुन्हा अलास्कातच. बाळंतीण तर उपाशीपोटी पिल्लाला दूध पाजते आणि परत जाईपर्यंत तिचं वजन जवळपास एक तृतीयांशाने उतरलेलं असतं. बोटीवर हे सांगितलं की आपल्याकडच्या आज्यांना फार लागतं. "अगं बाई, डिंकाचे लाडू नाहीत तर नाहीत, पण काहीच नाही?" असं एकीने विचारलंच होतं.

पाण्यात काय बघायचं

सुरुवातीला सगळे उडीची वाट बघतात. १२ ते १५ मीटर लांबीचं, तीसेक टनांचं धूड पाण्याबाहेर येऊन आडवं पडतं, तेव्हा आवाज उशिरा पोचतो आणि तोवर तुमचा फोन खिशातच असतो. उडीचं आश्वासन आम्ही देत नाही, कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. नजर फवाऱ्यावर ठेवा. मोठा देवमासा दहा-पंधरा मिनिटांनी श्वासाला वर येतो, पिल्लू तीन ते पाच मिनिटांनी. म्हणून एकाच जागी घाईघाईने छोटे फवारे उडत असतील तर तिथे पिल्लू आहे आणि आई खाली विसावली आहे असं समजा. जवळ तिसरा मोठा दिसला तर तो बहुतेक नर असतो. तो बाप नव्हे, आशेवर असलेला उमेदवार. असे चार-पाच उमेदवार एका मादीमागे लागले की पाणी घुसळून निघतं, धक्काबुक्की होते, डोकी रक्ताळतात. आम्हाला स्वतःला उडीपेक्षा हे दृश्य जास्त आवडतं.

देवमासा बुडी मारून गेला की मागे पाण्यावर तेल सांडल्यासारखी गुळगुळीत वर्तुळं उरतात. ती शेपटीच्या फटकाऱ्याने तयार होतात. बोटीवरचे लोक त्यांना पाऊलखुणा म्हणतात.

खोल बुडी मारताना शेपटी वर येते. तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. असा स्पष्ट फोटो मिळाला तर तो हॅपीव्हेल या संकेतस्थळावर टाका. संगणक जुन्या फोटोंशी तो जुळवून बघतो, आणि तोच देवमासा पुढे अलास्कात कोणाला दिसला तर तुम्हाला ईमेल येते. अशाच फोटोंच्या आधारे संशोधकांनी उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकची मोजदाद केली. २०१२ मध्ये सुमारे ३३,५००, आणि २०२१ मध्ये सुमारे २६,७००. मधल्या काळात, २०१४ ते २०१६, समुद्र विलक्षण तापला होता आणि खाणं आटलं होतं. त्याआधीची कथा उलटी आहे. शिकारीमुळे हजार-दीड हजारांवर आलेले हे प्राणी १९६६ च्या बंदीनंतर सावरत गेले.

आणि गाणं. गातात फक्त नर. एका भागातले सगळे नर त्या हंगामात जवळपास एकच गाणं म्हणतात आणि ते हळूहळू बदलत जातं. बोटीवाले पाण्याखाली माइक सोडून ऐकवतात. पण त्यासाठी बोटीचीही गरज नाही. किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करताना कान पाण्याखाली घेऊन श्वास क्षणभर रोखा. कमरेएवढ्या पाण्यात, शहाळ्याच्या आकाराची रंगीत मासोळी नाकासमोर असताना, दूरवरून तो कण्हल्यासारखा आवाज येतो.

शंभर यार्ड

हवाईत हंपबॅकच्या १०० यार्डांच्या आत जाणं बेकायदा आहे. बोट असो, कयाक असो की पोहणारा माणूस. १०० यार्ड म्हणजे क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या. ड्रोनला १,००० फुटांच्या आत यायला बंदी. त्यामुळे "देवमाशांबरोबर पोहायची सोय करा" हा आग्रह इथे धरू नका. मात्र देवमासा स्वतः बोटीकडे आला तर त्याला कायदा लागू नाही. मग कप्तान इंजिनाचा गिअर काढून गप्प बसतो, आणि पाहुण्याची हौस फिटेपर्यंत बोट जागची हलत नाही. एकदा आमचा जेवणाचा बेत यापायी दीड तास लांबला. कोणी कुरकुर केली नाही.

बोट आणि पोट

आई-बाबा बरोबर असतील तर मोठी कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याची रुंद बोटच घ्या. सावली असते, संडास असतो, कठड्याला धरून उभं राहता येतं. रबरी राफ्टवरून देवमासा डोळ्यांच्या पातळीवर दिसतो हे खरं, पण ती पाठ खिळखिळी करते. गरोदर बायका, मणक्याचा त्रास असलेले आणि लहान मुलं यांना आम्ही राफ्टचं तिकीट देत नाही.

फेरी सकाळचीच. दुपारी व्यापारी वारे उठतात, लाटा वाढतात, आणि लाटांच्या पांढऱ्या फेसात फवारा ओळखू येत नाही. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आलेपाकाच्या वड्या आम्ही ठेवतो. रिकाम्या पोटी येऊ नका, आणि मिसळ खाऊनही येऊ नका.

माउईत ऑक्टोबर २०२२ पासून फक्त खनिज सनस्क्रीन चालते, म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची. घरून नेण्याआधी डबी वाचा. ताजी फळं बॅगेत असतील तर हवाईत उतरताना ती जाहीर करावी लागतात.

माउईवरचं बंदराचं गाव लाहायना ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात जळालं. आमच्या फेऱ्या माआलाएआ बंदरातून सुटतात. हे नाव देवनागरीत जसं दिसतं तसंच, एकेक स्वर सुटा म्हणा, टॅक्सीवाला खूश होतो. बंदराजवळच्या रस्त्यावर पापावाई पॉइंट आहे. तिथून फुकटात, कड्यावर उभं राहून देवमासे दिसतात. ज्यांना बोट नको त्यांनी तिथे दुर्बीण घेऊन बसावं.

भारतातून आलेले आजोबा हमखास विचारतात, आपल्याकडे नाहीत का? आहेत. अरबी समुद्रातले हंपबॅक फार थोडे उरले आहेत आणि ते इतरांसारखे थंड समुद्राकडे स्थलांतरच करत नाहीत. मात्र २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रहाचं यंत्र लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि खाली भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली होती. पण त्यांना बघायला फेरी काढता येईल इतके ते नाहीत.

आमच्या पॅकेजमध्ये दोन वेगवेगळ्या दिवशी दोन फेऱ्या असतात. वाऱ्यामुळे कप्तानाने फेरी रद्द केली तर त्याचा निर्णय अंतिम, पैसे पूर्ण परत किंवा दुसरी सकाळ. फेब्रुवारीच्या सुट्टीसाठी नावं ऑक्टोबरअखेरपर्यंत द्यावीत. आई-बाबांच्या पासपोर्टवरचं नाव जसं असेल तसंच लिहून पाठवा, आडनाव आधी आहे की नंतर तेसुद्धा.